अजगर : भय, भक्ती आणि ओळख

प्रस्तावना

साप हा शब्द कानी पडताच आपल्या मनात दोन भावना एकाच वेळी जाग्या होतात. एक भीतीची आणि दुसरी भक्तीची. या दोन्ही भावना आपल्या संस्कृतीत खोलवर रुजलेल्या आहेत. परंतु त्यांपैकी एकीनेही सापाची खरी ओळख होत नाही. पुढील वैचारिक लेखात अजगर या बिनविषारी सापाच्या निमित्ताने याच प्रश्नाचा विचार केला आहे. लेख वाचताना त्यात कोणते मत मांडले आहे, त्याला कोणता आधार दिला आहे आणि तो आधार आपल्याला पटतो का, याकडे लक्ष द्या.

मूळपाठ

श्रावण शुद्ध पंचमीचा दिवस वाराणसीत मोठ्या श्रद्धेने पाळला जातो. शहरातील जैतपुरा भागात नागकुआँ नावाचे एक प्राचीन कुंड आहे. महाभाष्यकार पतंजली हे शेषाचे अवतार होते, अशी परंपरेची समजूत आहे आणि या कुंडाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. म्हणून नागपंचमीला येथे केवळ पूजा होत नाही, तर संस्कृत पंडितांचा शास्त्रार्थही होतो. प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर द्यायचे, ते उत्तर पुन्हा तपासायचे, असा हा विद्येचा उत्सव आहे. मराठी माणसाला या परंपरेविषयी विशेष आपलेपणा वाटावा. कारण काशीत राहून पतंजलींच्या महाभाष्याच्या अभ्यासात 'उद्द्योत' या टीकेची भर घालणारे नागेशभट्ट काळे हे मराठी पंडित होते.

काही वर्षांपूर्वी याच सणाच्या सुमारास मी काशीत होतो. गंगेला पूर आला होता आणि घाटांच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. वरच्या पायरीवर एक गारुडी बसला होता. त्याच्या पुढ्यातील एका टोपलीत नाग होता आणि दुसऱ्या टोपलीत वेटोळे करून पडलेला अजगर. भाविक वाकून नमस्कार करीत होते, नाणी टाकीत होते. गर्दीत एक मराठी कुटुंब होते. त्यातील सात-आठ वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारले, "बाबा, या सापाला विष असतं का हो?" वडील म्हणाले, "देवाला असं विचारू नये, बाळ. पाया पड." मुलीने हात जोडले आणि ते कुटुंब पुढे गेले.

त्या वडिलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या प्रसंगी हेच केले असते. परंतु जेथे पतंजलींच्या स्मरणार्थ आजही प्रश्नोत्तरे चालतात, त्याच नगरीत एका मुलीचा अगदी योग्य प्रश्न अनुत्तरित राहिला, याची खंत मला अजूनही वाटते. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे माझ्या मनात आहे.

अजगर म्हणजे कोण?

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. अजगराला विष नसते. 'अज' म्हणजे शेळी आणि 'गर' म्हणजे गिळणारा. शेळी गिळणारा तो अजगर, अशी या शब्दाची फोड आहे. कोकण-गोव्याकडे त्याला 'आर' असेही म्हणतात. नावावरूनच कळते की, आपल्या पूर्वजांनी त्याला जवळून पाहिले होते.

जगातील मोठे बिनविषारी साप प्रामुख्याने दोन कुळांत मोडतात. आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या खंडांत आढळणारे अजगर अंडी घालतात, तर बोआ कुळातील बहुतेक साप पिलांना जन्म देतात. दक्षिण अमेरिकेतील प्रचंड ॲनाकोंडा हा बोआ कुळातला. आपल्या शेतातील मातीत राहणारे मांडूळ आणि डुरक्या घोणस हेही आकाराने लहान असले तरी त्याच गोतावळ्यातले. भारतात अजगराच्या तीन जाती आढळतात. महाराष्ट्रात आणि देशाच्या बहुतेक भागांत दिसतो तो भारतीय अजगर. ईशान्येकडे आणि हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत ब्रह्मी अजगर आढळतो. पूर्वी हे दोन्ही एकाच जातीचे मानले जात. २००९ पासून त्यांना स्वतंत्र जाती म्हणून ओळखले जाऊ लागले. तिसरा जाळीदार अजगर. तो जगातील सर्वांत लांब साप असून आपल्याकडे मुख्यतः निकोबार बेटांवर आढळतो.

भारतीय अजगर साधारणपणे तीन मीटर लांब असतो. साडेचार मीटरहून थोडा अधिक लांब आणि पन्नास किलोंहून अधिक वजनाचा अजगर पाकिस्तानात नोंदला गेला आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील अजगर साळिंदरांच्या बिळांत मुक्काम करतात. खुद्द वाराणसीच्या दक्षिणेला विंध्याच्या टेकड्या सुरू होतात. तेथील चंद्रप्रभा अभयारण्यात १९५७ साली गीरहून सिंह आणून सोडले होते. काही वर्षांतच ते नाहीसे झाले. वनराजाला जे जंगल मानवले नाही, त्याच जंगलात अजगर कोणाच्याही मदतीवाचून टिकून आहे.

अजगराच्या ओठांच्या खवल्यांत बारीक खळगे असतात. उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या शरीरातून निघणारी ऊब त्याला या खळग्यांमुळे काळोखातही जाणवते. त्याचे दात मागे वळलेले असतात. ते चावण्यासाठी नव्हे, तर पकडलेले भक्ष्य निसटू नये यासाठी असतात. भक्ष्य पकडताच तो त्याला विळखे घालतो. या विळख्यांनी हाडे मोडतात आणि प्राणी गुदमरतो, असे आपण ऐकत आलो आहोत. परंतु बोआ सापांवरील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, विळख्याच्या दाबाने भक्ष्याचे रक्ताभिसरण काही सेकंदांतच थांबू लागते. भक्ष्य गिळताना अजगराचा जबडा निखळतो, हीदेखील एक गैरसमजूत आहे. खालच्या जबड्याची दोन हाडे पुढच्या बाजूला लवचीक बंधांनी जोडलेली असतात, म्हणून तोंड एवढे विस्तारते.

अजगराच्या शरीराच्या मागील भागात, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, नखांसारखे दोन छोटे काटे दिसतात. सापांच्या पूर्वजांना पाय होते आणि त्या मागील पायांचे हे अवशेष आहेत. ज्याला आपण केवळ सरपटणारा म्हणून हिणवतो, त्याच्या अंगावर कोट्यवधी वर्षांचा इतिहास असा कोरलेला आहे.

आळशी की संयमी?

मराठीत सुस्त माणसाला 'अजगरासारखा पडला आहे' असे म्हणतात. हिंदी प्रदेशात संत मलूकदासांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका दोह्यात अजगर येतो आणि लोक त्याचा आधार आळसाच्या समर्थनासाठी घेतात. आपल्याच परंपरेत अजगराकडे पाहण्याची दुसरी दृष्टीही आहे, हे मात्र आपण विसरलो आहोत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. त्या गुरूंमध्ये अजगर आहे. जे सहजपणे मिळेल ते, गोड असो वा बेचव, थोडे असो वा पुष्कळ, स्वीकारावे आणि न मिळाल्यास धीर धरावा, हा धडा अवधूत अजगरापासून घेतो. याच अकराव्या स्कंधावर संत एकनाथांनी मराठीत टीका लिहिली. पैठणला आरंभलेले हे 'एकनाथी भागवत' १५७३ साली वाराणसीतच पूर्ण झाले. म्हणजे ज्या गंगातीरी त्या मुलीला प्रश्न विचारू नकोस असे सांगण्यात आले, त्याच गंगातीरी सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी मराठी भाषेने अजगराला गुरू म्हणून वंदन केले होते.

विज्ञान या दृष्टीला दुजोराच देते. अजगर पडून राहतो तो आळसाने नव्हे. मिळवलेली शक्ती जपून वापरणे हाच त्याच्या जगण्याचा मार्ग आहे. एक मोठे भक्ष्य मिळाल्यानंतर तो कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने अन्नाशिवाय राहू शकतो. आणि अन्न मिळाले की त्याचे शरीर विलक्षण वेगाने कामाला लागते. ब्रह्मी अजगरावरील २००५ मधील एका संशोधनात असे आढळले की, भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा आकार सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि पचन संपले की पूर्ववत होतो. अशा प्राण्याला आपण आळशी म्हणावे का?

अजगराच्या मादीची गोष्ट तर याहून हृद्य आहे. अंडी घातल्यावर ती त्यांच्याभोवती वेटोळे करून बसते आणि दोन महिन्यांच्या आसपासच्या त्या काळात सहसा काही खात नाही. हवेत गारवा आला की ती आपले स्नायू सतत थरथरवते आणि त्या हालचालीतून निर्माण होणारी ऊब अंड्यांना देते. थंड रक्ताचा म्हणवला जाणारा हा प्राणी पिलांसाठी स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करतो! भारतात राहून गेलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३२ साली हे पॅरिसच्या विद्वानांसमोर मांडले, तेव्हा कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १८४१ साली पॅरिसमधील प्राणिसंग्रहालयातील मादीच्या वेटोळ्यांत तापमापक ठेवून व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने ते मोजले आणि प्रवाशाचे म्हणणे खरे ठरले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणे जसे चूक, तसेच न तपासता ती नाकारणेही चूकच, हा बोध या हकिकतीतून आपण घ्यायला हवा.

चुकीच्या ओळखीची किंमत

कोणी म्हणेल, अजगराला विष असो वा नसो, सामान्य माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य? साप दिसला की दूर व्हावे किंवा काठी उचलावी, एवढे पुरे. हे म्हणणे वरवर व्यवहार्य वाटते. पण ते खरे नाही. येथे अज्ञानाची किंमत जिवाने मोजावी लागते, कधी सापाच्या तर कधी माणसाच्या.

आपल्याकडे माणसाच्या मृत्यूला प्रामुख्याने चार विषारी साप कारणीभूत होतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांपैकी घोणस ही अंगाने जाड, मंद चालीची आणि तपकिरी ठिपक्यांची असते. अजगराचे पिलूही जवळजवळ तसेच दिसते. त्यामुळे दोन प्रकारच्या चुका घडतात. अजगराचे निरुपद्रवी पिलू घोणस समजून ठेचले जाते. याच्या उलट घडते ते अधिक भयंकर. घोणशीला अजगराचे पिलू समजून एखादा तरुण धीटपणाने ती हातात घेतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. केवळ ओळख चुकल्यामुळे एक घर उजाड होते. 'बिनविषारी आहे' हे अर्धवट ज्ञान अज्ञानाहूनही घातक ठरते, ते असे.

घोणशीच्या पाठीवर काळसर कडांचे लंबगोल ठिपके साखळीप्रमाणे तीन रांगांत मांडलेले असतात. तिचे खवले खरखरीत, डोके त्रिकोणी व मानेपासून स्पष्टपणे वेगळे असते. डिवचल्यास ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार करते. अजगराच्या अंगावरील डाग मोठे आणि वेडेवाकडे असतात, खवले गुळगुळीत व चकचकीत असतात आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. ही माहिती साप हाताळण्यासाठी नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवले पाहिजे. ओळख पटली तरी कोणत्याही सापाला हात लावू नये. दंश झाल्यास जखम कापणे, घट्ट आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ न दवडता, रुग्णाला धीर देऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रतिविष हाच त्यावरील उपाय आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली. म्हणजे दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांत बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. हा आकडा पाहिला म्हणजे सापांची ओळख हा केवळ निसर्गप्रेमींचा छंद राहत नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

भीतीची दुसरी बाजू

अजगराची बाजू मांडताना सत्याशी प्रतारणा करून चालणार नाही. तो शेतकऱ्याची शेळी, कोंबडी किंवा कुत्र्याचे पिलू गिळतो. ज्या कुटुंबाची सारी मदार दोन शेळ्यांवर आहे, त्या कुटुंबाला अजगराच्या संयमाचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे ठरेल. इंडोनेशियात २०१७ साली जाळीदार अजगराने एका माणसाला गिळल्याची घटना घडली होती. आपल्याकडील भारतीय अजगर त्या मानाने बराच लहान असतो आणि माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. तरीही त्याचा दंश वेदनादायक असतो आणि मोठ्या अजगराशी खेळणे हा मूर्खपणाच होय.

परंतु जमाखर्च मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. अजगर उंदीर, घुशी, ससे, रानडुकरांची पिले खातो. यांतील कित्येक प्राणी पिकांची नासधूस करणारे आहेत. त्याने वर्षभर राखलेल्या शेताची पावती कोणी फाडत नाही. गिळलेल्या एका शेळीची बोंब मात्र गावभर होते. म्हणून माझे मत असे की, अजगराने नेलेल्या शेळीची भरपाई समाजाने तत्परतेने द्यावी. वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा लाभ सर्वांना होतो. त्याचा भार एकट्या गरिबाने का वाहावा?

प्राणी चांगला की वाईट हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या स्थानावरही ठरते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हौसेखातर पाळलेले ब्रह्मी अजगर सुटले किंवा सोडले गेले आणि एव्हरग्लेड्सच्या पाणथळ प्रदेशात त्यांची प्रचंड वाढ झाली. २०१२ मधील एका अभ्यासात तेथील रॅकून, ओपॉसम यांसारख्या प्राण्यांच्या संख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे दिसून आले. त्या भूमीत अजगराला आवरणारे कोणी नव्हते. आपल्याकडे मात्र त्याच्या पिलांवर घारी, मुंगूस, घोरपडी टपलेल्या असतात आणि तो स्वतः उंदीर-घुशींवर टपलेला असतो. हा तोल हजारो वर्षांत साधला गेला आहे. दोष अजगराचा नसतो, त्याला जागचा हलवणाऱ्या माणसाचा असतो. रस्त्यांखाली गेलेली माळराने, बुजलेली बिळे, कातड्यासाठी होणारी शिकार आणि रात्री तापलेल्या डांबरी रस्त्यावर ऊब घेताना वाहनाखाली येणारे मरण, ही अजगराच्या ऱ्हासाची आपल्याकडील कारणे आहेत.

कायदा आणि विवेक

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अजगराचा समावेश आहे. त्याला मारणे, पकडणे, जवळ बाळगणे, विकणे हा गुन्हा असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे घाटावरील टोपलीतला तो अजगर तेथे असणे हेच बेकायदेशीर होते. परंतु कायदा काठी थांबवू शकतो, काठी उचलण्याची इच्छा थांबवू शकत नाही. आणि गारुड्याच्या पोटाचा प्रश्नही कायद्याच्या एका कलमाने सुटत नाही. सापांविषयीचे पिढीजात कौशल्य ज्यांच्यापाशी आहे, त्यांना साप वाचवण्याच्या व लोकशिक्षणाच्या कामात सन्मानाने सामावून घेणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

नागपंचमी बंद करावी, असे मी म्हणत नाही. सापाला दूध पाजणे, टोपलीत कोंडलेल्या जिवाला हळदीकुंकू वाहणे, ही पूजा नव्हे. साप दूध पिणारा प्राणी नाही. तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढे येईल त्या द्रवाला तोंड लावतो, इतकेच. मातीच्या नागाची पूजा करावी आणि त्याच दिवशी घरातील मुलांना चार विषारी व चार बिनविषारी सापांची ओळख करून द्यावी. पतंजलींच्या नावाने चालणाऱ्या शास्त्रार्थाला हे साजेसेच होईल.

शेवटी महाभारतातील एक कथा आठवते. इंद्रपदाच्या उन्मादात ऋषींचा अपमान करणारा नहुष राजा अगस्तींच्या शापाने अजगर होऊन वनात पडला होता. वनवासात त्याने भीमाला विळखा घातला. हत्तीचे बळ असलेल्या भीमाला तो विळखा सोडवता आला नाही. मग युधिष्ठिर आला. अजगराने प्रश्न विचारले, युधिष्ठिराने विचारपूर्वक उत्तरे दिली आणि त्या संवादातून भीम सुटला, इतकेच नव्हे तर नहुषही शापमुक्त झाला. जेथे बळ हरले, तेथे ज्ञानाने दोघांचीही सुटका केली.

अजगराविषयीची आपली भीती हा असाच एक विळखा आहे. तो काठीने सुटणार नाही आणि नुसते हात जोडूनही सुटणार नाही. पुढच्या वेळी एखादी लहान मुलगी 'याला विष असतं का?' असे विचारील, तेव्हा तिला उत्तर देता यावे, एवढी तयारी आपण सर्वांनी करायला हवी.

विचार करा आणि लिहा

१. मुलीचा प्रश्न अनुत्तरित राहिला याची खंत लेखकाला का वाटते?
२. 'अर्धवट ज्ञान अज्ञानाहूनही घातक ठरते' हे विधान लेखातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. अजगराने गिळलेल्या शेळीची भरपाई समाजाने द्यावी, हे मत आपणांस पटते का? सकारण लिहा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या प्राण्याविषयी प्रचलित असलेला गैरसमज आणि त्यामागील वस्तुस्थिती दहा ओळींत लिहा.